धावत्या गाडीचा फोटो

(वेगाने धावणाऱ्या गाड्यांचे फोटो काढायला फार महाग कॅमेरा लागतो, असा अनेकांचा समज असतो. रत्नागिरीतील एका छायाचित्रकाराने आपल्या भाच्यासाठी कॅमेरा आणि लेन्स कशी निवडली, ते त्याने स्वतःच या पाठात सांगितले आहे.)

२०२४ च्या जानेवारीत माझा भाचा पुण्याला आपल्या फुफीकडे गेला होता. त्या महिन्याच्या २८ तारखेला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात मोटारसायकलींची सुपरक्रॉस शर्यत होती. मैदानात मातीचे उंच ढिगारे रचलेले असतात आणि त्यांवरून मोटारसायकली उड्या मारत जातात, अशी ही शर्यत. फुफीचा मुलगा त्याला ती पाहायला घेऊन गेला. भाच्याने मोबाइलवर दोनशेहून अधिक फोटो काढले आणि रत्नागिरीला परतताच तो थेट माझ्या स्टुडिओत आला.

"मामू, हे बघा!" असे म्हणून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

मी एकेक फोटो पाहू लागलो. मैदान दिसत होते, मांडव दिसत होता, गर्दी दिसत होती. मोटारसायकल मात्र कुठे आहे, ते त्याला बोट ठेवून दाखवावे लागत होते. तीही मुंगीएवढी!

"मामू, मला खरा कॅमेरा पाहिजे," तो म्हणाला. "भाईजानने पैसे पाठवले आहेत. मी कॅमेरा ठरवूनही ठेवला आहे."

त्याचा मोठा भाऊ कुवेतला एका गोदामात काम करतो. धाकट्या भावाची हौस पुरी व्हावी म्हणून त्याने साठ हजार रुपये पाठवले होते. भाच्याने खिशातून एक कागद काढला. त्यावर एका नव्या, भारी कॅमेऱ्याचे नाव होते. त्याच्या नुसत्या बॉडीलाच सगळे पैसे संपत होते.

"आणि लेन्स?" मी विचारले.

"ती नंतर घेऊ, पुढच्या वर्षी."

मी हसलो. मिरकरवाड्याच्या बंदरात कोणी नवी कोरी होडी आणावी आणि जाळे पुढच्या वर्षी घेऊ म्हणावे, तसे हे झाले.

संध्याकाळी आपा आली. ती म्हणाली, "भाई, मला कॅमेऱ्यातले काही कळत नाही. पण हे पैसे माझ्या मुलाने तिकडच्या उन्हात मिळवले आहेत. यांतून धाकट्याची हौस झाली पाहिजे आणि पैसा वायाही जाता कामा नये. पुढे त्याच्या कॉलेजचा खर्च आहेच."

मी जबाबदारी घेतली. घेतली खरी, पण मनात थोडी धास्ती होती. लग्नाचे फोटो मी वीस वर्षे काढत आलो आहे. लग्नातला नवरदेव मात्र सेकंदाला पंधरा मीटर पळत नाही!

पहिला प्रश्न होता मुंगीचा. मोबाइलच्या फोटोत मोटारसायकल इतकी लहान का आली? मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा फार रुंद पाहतो. पन्नास मीटरांवर त्याला सुमारे सत्तर मीटर रुंदीचे दृश्य दिसते. मोटारसायकलीची लांबी साधारण दोन मीटर. म्हणजे फोटोच्या रुंदीचा पस्तिसावा भाग! मुंगी दिसणारच. आता साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याला २५० मिलिमीटरची लेन्स लावा. तीच लेन्स पन्नास मीटरांवर फक्त साडेचार मीटर रुंदीचे दृश्य पाहते. एखादी मोटार त्यात कडेपासून कडेपर्यंत भरते. तुम्ही आणखी पुढे, पंचवीस मीटरांवर गेलात, तर मोटारसायकलही चौकट भरून टाकते. लेन्सवर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा जेवढा मोठा, तेवढी तिची नजर अरुंद आणि दूरची वस्तू तेवढी जवळ. हा आकडा वाढवायला पैसे लागतात. दोन पावले पुढे जायला लागत नाहीत. अर्थात, पुढे जाण्याची परवानगी असेल तिथेच. त्याविषयी नंतर सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओतला कॅमेरा आणि एक लांब लेन्स घेतली आणि भाच्याला भाट्याला नेले. काजळी नदीवरच्या पुलापलीकडे रस्त्यालगत माझ्या ओळखीचे एक घर आहे. त्या घराच्या गडग्याआड आम्ही उभे राहिलो. तेथून पावस गावाकडे जाणाऱ्या एसट्या आणि मोटारसायकली समोरून आडव्या जाताना दिसतात. कॅमेरा त्याच्या हाती देऊन मी गप्प बसलो.

त्याने कुठेतरी वाचले होते की, वेगवान वस्तूसाठी शटरही वेगवान हवे. म्हणून त्याने शटर एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवले. एक मोटारसायकल आली, त्याने बटण दाबले. फोटो अगदी स्पष्ट आला. नंबर वाचता येत होता, आरशातले प्रतिबिंबही दिसत होते. तरी त्याचा चेहरा उतरला.

"मामू, ही तर उभी दिसते."

खरेच, रस्त्यात कोणीतरी स्टँड न लावता गाडी उभी केली आहे, असेच वाटत होते. चाकाची तारन् तार मोजता येत होती.

गडग्यावर बसून आम्ही हिशोब केला. मोटारसायकलीचा वेग ताशी ५४ किलोमीटर धरला, तर ती एका सेकंदात १५ मीटर जाते. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात ती एक सेंटिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही. तिच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते. पण शटर उघडे असते तेवढ्या क्षणात ते जेमतेम एका अंशाहून थोडे अधिक फिरते. गती दिसणार कशी? आपणच तर ती गोठवून टाकली! आता शटर साठाव्या भागावर आणले तर? तेवढ्या वेळात गाडी २५ सेंटिमीटर पुढे जाते आणि चाक एका फेऱ्याचा आठवा भाग फिरते. तारा पुसट होतात. चाक फिरताना दिसू लागते.

"पण मग सगळी गाडीच पुसट येईल," भाचा म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

यावर उपाय असा की, कॅमेरा स्थिर धरायचाच नाही. गाडी जशी जाईल तसा तो गाडीबरोबर वळवायचा. पाय घट्ट रोवायचे, कोपरे अंगाशी धरायची आणि कमरेतून वळायचे. गाडी दूर असल्यापासून तिच्यावर नजर ठेवायची, समोर आली की बटण दाबायचे आणि दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. असे केले की गाडी कॅमेऱ्याच्या दृष्टीने जागच्या जागी राहते आणि मागची झाडे, घरे, कुंपण पळू लागतात. गाडी स्पष्ट आणि जग पुसट, असा फोटो येतो. याला पॅनिंग म्हणतात. बटण दाबताक्षणी हात थांबवणे ही नवशिक्याची ठरलेली चूक. क्रिकेटमध्ये चेंडूला बॅट लागताच कोणी बॅट तिथेच थांबवत नाही, तसेच हे.

ही युक्ती नवी नाही. फ्रान्समध्ये १८९४ साली जन्मलेल्या झाक आंरी लार्तिग या मुलाला मोटारींचे आणि विमानांचे वेड होते. १९१२ च्या सुमारास, विशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने एका शर्यतीत धावत्या मोटारीचा फोटो काढला. त्या काळच्या त्याच्या कॅमेऱ्यात पडद्याची एक फट काचेच्या प्लेटवरून सरकत जाई आणि चित्र तुकड्यातुकड्याने उमटे. फट एका कडेपासून दुसऱ्या कडेला जाईपर्यंत मोटार पुढे गेलेली असे. त्यामुळे फोटोत तिचे चाक लंबगोल झाले आणि पुढे झुकले. लार्तिगने मोटारीबरोबर कॅमेराही वळवला होता, पण मोटारीइतक्या वेगाने नव्हे. म्हणून कडेला उभे असलेले प्रेक्षक उलट्या दिशेला कललेले दिसतात. नियमाने पाहिले तर हा फोटो चुकलेलाच म्हणायचा. पण वेग म्हणजे काय, ते त्यात एका नजरेत कळते. पुढे १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या फोटोंचे प्रदर्शन भरले.

आता पैशांकडे वळू, कारण आमचा सगळा निर्णय या पॅनिंगवरच ठरला.

लेन्सवर आणखी एक आकडा लिहिलेला असतो. २.८, ४, ५.६ असा. लेन्समधून प्रकाश आत येण्याचे छिद्र किती मोठे होऊ शकते, ते या आकड्यावरून कळते. आकडा लहान असेल तर छिद्र मोठे. २.८ च्या लेन्समधून ५.६ च्या लेन्सपेक्षा चौपट प्रकाश येतो. अशी लांब लेन्स वजनाने जड असते आणि तिची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. वेगवान शटरला प्रकाश फार लागतो, म्हणून मोठ्या स्पर्धांतील छायाचित्रकार अशा लेन्स वापरतात. पण पॅनिंगसाठी शटर मुद्दाम हळू ठेवायचे असते. हळू शटरमधून प्रकाश भरपूर येतो. कोकणातल्या दुपारी तर तो जास्तच होतो आणि छिद्र लहान करावे लागते. म्हणजे जी लेन्स गरिबाची म्हणून लोक नाक मुरडतात, तीच इथे पुरेशी आहे. हे ध्यानात आले तेव्हा भाच्यापेक्षा मलाच अधिक आनंद झाला. संध्याकाळी किंवा दाट ढगांत उडी मारणारी मोटारसायकल गोठवायची असेल, तेव्हा मात्र स्वस्त लेन्स हात टेकते. ते मान्य करूनच तिला घ्यावे.

उडीची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगतो. चाके जमिनीपासून वर असली, स्वार एका बाजूला कलला असला, मागे माती उडत असली, म्हणजे गोठलेल्या फोटोतही गती दिसते. शिवाय उडीच्या माथ्यावर मोटारसायकलीचे वर जाणे क्षणभर थांबते. तेथे सेकंदाचा पाचशेवा भागही पुष्कळदा पुरतो.

आणि कॅमेऱ्याची बॉडी? तिच्यात दोन गुण पाहावेत. समोरून धावत येणाऱ्या वस्तूवर ती सतत फोकस ठेवते का, आणि सेकंदाला किती फोटो काढते. २०१८ साली आलेला कॅनन १५००डी हा नवशिक्यांचा चांगला कॅमेरा आहे, पण तो सेकंदाला तीनच फोटो काढतो. त्याच कंपनीचा २००९ चा ७डी सेकंदाला आठ काढतो आणि फोकससाठी त्यात १९ बिंदू आहेत. निकॉनचा २०१५ चा डी७२०० सेकंदाला सहा काढतो व त्यात ५१ बिंदू आहेत. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत फोकस अधिक हुशार असतो, यात शंका नाही. पण लोक त्यांच्याकडे वळल्यामुळेच हे जुने मजबूत कॅमेरे स्वस्तात विकायला निघाले. आम्ही एक वापरलेला ७डी घ्यायचे ठरवले आणि त्याला ५५-२५० मिलिमीटरची हलकी लेन्स, तीही वापरलेली.

जुनी वस्तू घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. शटरचेही आयुष्य असते. ७डीचे शटर दीड लाख फोटो टिकेल अशा बेताने बनवलेले आहे. आमच्या धंद्यात एका लग्नाला दोन हजार फोटो सहज निघतात. म्हणजे पंचाहत्तर लग्नांत त्याचे आयुष्य सरले! बाहेरून चकचकीत दिसणारा कॅमेरा आतून म्हातारा असू शकतो. म्हणून आधी किती फोटो निघाले आहेत ते तपासून घ्यावे. निकॉन घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्याच्या काही स्वस्त बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या लेन्स त्यांच्यावर आपोआप फोकस करत नाहीत.

लेन्सचा मोठा शत्रू म्हणजे बुरशी. याचा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. पूर्वी एकदा मी एक लेन्स अंधाऱ्या दुकानात पाहून घाईने विकत घेतली. घरी आणून मागून विजेरीचा प्रकाश टाकला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरलेले! त्या लेन्समधून सगळे फोटो धुक्यात काढल्यासारखे येत. दुसरी एक चांगली लेन्स मी चामड्याच्या पेटीत घालून कपाटात ठेवली. चामडे ओल धरते. आमच्या एका पावसाळ्यात तीही गेली. भाच्याला मी आधी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आणायला लावल्या. कॅमेरा त्यानंतर आणला.

कॅमेरा, लेन्स, कार्ड, डबा धरून छत्तीस हजारांच्या आत काम झाले. उरलेले चोवीस हजार आपाने बँकेत ठेवले.

त्यानंतर तीन महिने तो भाट्याच्या त्याच गडग्याआड उभा राहिला. शाळा सुटली की तिथे. पहिल्या दिवशी त्याने तीनशे फोटो काढले आणि एकही धड आला नाही. मी त्याला रॅलीच्या जुन्या दिवसांविषयी सांगितले. १९८० साली पहिली हिमालयन रॅली झाली. मुंबईचे नाझीर हुसेन यांनी ती उभी केली. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्म असे आणि एका रोलमध्ये छत्तीस फोटो. चुकलेल्या प्रत्येक फोटोला पैसे पडत आणि चुकला आहे हे रोल धुतल्यावरच कळे. आता चूक फुकट आहे आणि लगेच दिसते. "तू तीनशे चुका एका दिवसात केल्यास. आम्हाला त्याला वर्ष लागले असते," असे मी म्हणालो. त्याला ते फारसे रुचले नाही. पण तो पुन्हा गेला.

सुरुवात त्याने सेकंदाच्या दोनशे पन्नासाव्या भागापासून केली. दहांतले पाच फोटो बरे येऊ लागल्यावर एकशे पंचविसावर उतरला आणि शेवटी साठावर.

त्याच सुमारास त्याचे एक म्हणणे मी साफ मोडून काढले. आंबा घाटात वळणाच्या बाहेरच्या कडेला उभे राहून त्याला समोरून येणाऱ्या गाड्या टिपायच्या होत्या. "तिथून फोटो झकास येईल, मामू!" फोटो झकास येईल, हे मलाही ठाऊक होते. पण गाडीचा ताबा सुटला की ती वळणाच्या बाहेरच्या बाजूलाच जाते. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत रस्त्यालगत दाटी करून उभ्या असलेल्या प्रेक्षकांत एक गाडी घुसली आणि तीन माणसे मरण पावली. नाशिकच्या रॅलीत जा, कोल्हापूरच्या मोहिते सर्किटवर जा, नाहीतर पुन्हा बालेवाडीला जा. आयोजकांनी आखून दिलेल्या रेषेच्या आतच उभे राहायचे. लेन्स अपुरी पडली तर फोटो लहान येईल, एवढेच. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही. रात्री जेवायला मात्र आला.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी तो धावत स्टुडिओत आला. कॅमेरा गळ्यातच होता. फोटोत लाल एसटी होती. मागची माडांची रांग हिरव्या रेघांसारखी पसरली होती. चाके गरगर फिरत होती. आणि खिडकीतल्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा, वाऱ्याने उडणारा पदर, सगळे स्वच्छ. शटर होते साठाव्या भागावर. त्या दिवशीच्या दोनशे चाळीस फोटोंत असा हा एकच होता.

त्याने तो भाईजानला पाठवला. कुवेतहून उत्तर यायला रात्र झाली, कारण तिकडे पाळी सुटायची होती. भाच्याने मला ते वाचून दाखवले.

"ही पावसची गाडी ना रे? बाजूची पाटी वाचता येते मला."

स्वाध्याय

१. मोबाइलच्या फोटोत मोटारसायकल मुंगीएवढी का दिसली?

२. पॅनिंगसाठी स्वस्त लेन्स पुरेशी का ठरते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

३. मामूने आंबा घाटातील वळणावर उभे राहू का दिले नाही?

४. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदाच्या शंभराव्या भागात किती अंतर जाईल? हिशोब करा.

५. 'नाक मुरडणे', 'हात टेकणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.